भाषण संपेपर्यंत भोंगा नाही

मला आयुष्यातला पहिला कप मिळाला तो राष्ट्राध्यक्षांच्या कृपेने. म्हणजे त्यांनी स्वतः येऊन दिला नाही, ते कशाला येतात आमच्या शाळेत! वादविवादाचा विषय तेवढा त्यांचा होता: राष्ट्राध्यक्षांच्या माफीच्या अधिकाराला मर्यादा असाव्यात का? मी 'नसाव्यात'च्या बाजूने होते. आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटायचा नाही, ती मी दहावीत स्टेजवर उभी राहून हात उडवत म्हणाले, "दयेला कुंपण घालणारे आपण कोण?" अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. माझं मलाच खरं वाटेना.

समोरच्या बाजूने पेन्सिल होती. पेन्सिल म्हणजे माझ्या बाकावरची. उंच, काटकुळी, बोलतेही टोकदार. तिने कायदाच पाठ केला होता. ती म्हणाली, कायद्यात माफीला दोन कुंपणं आहेत. एक, गुन्हेगाराने लेखी कबुली दिल्याशिवाय माफी नाही. दोन, ज्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा संबंध असेल, त्यात ते कोणालाच माफ करू शकत नाहीत. "आणि ही कुंपणं हवीतच, कारण..." इथे ती अडकली. 'कारण' वरच उभी राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग घंटा वाजली आणि मी जिंकले.

ती का अडकली ते अख्ख्या सभागृहाला माहीत होतं. चौदा महिन्यांपूर्वी धरणातून पाणी सोडलं, भोंगा वाजला नाही, आणि खाली नदीच्या पात्रात असलेली नऊ माणसं वाहून गेली. त्यात तिचा मोठा भाऊ होता. आणि ते दरवाजे उघडले होते माझ्या बाबांनी.

बाईंनी जागा बदलून देऊ का विचारलं होतं. पेन्सिल 'नको' म्हणाली. का, ते मी कधी विचारलं नाही. भूमितीच्या तासाला ती अजूनही न मागता पट्टी माझ्याकडे सरकवते.

कप कपाटावर ठेवून पंधरा दिवस झाले आणि बुधवारी सकाळी वकीलकाका घरी आले. हे आमचे वकील नव्हेत. आमचे वकील फोनसुद्धा उचलत नाहीत. हे मोठ्या साहेबांचे. मोठे साहेब म्हणजे धरण खात्यात बाबांच्या साहेबांचे साहेब.

"वहिनी, नशीब काढलंत," खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले. "राष्ट्राध्यक्षांची मुदत उद्या संपते. जाता जाता काही माफ्या देणार आहेत. साहेबांनी शब्द टाकला आणि यादीत तुमच्या मिस्टरांचं नाव बसवलं. फक्त ही कबुली आज पाचच्या आत जेलरसमोर सही होऊन यायला हवी. नाहीतर खटला उभा राहील आणि दहा वर्षं आत. सही झाली की उद्या संध्याकाळी माणूस घरात!"

आईने कागद हातात घेतला तो गरम भांडं धरावं तसा, दोन्ही हातांनी, अंगापासून लांब. मी तिच्या खांद्यावरून वाचला. 'त्या दिवशी दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजवायला मी विसरलो. मला तसं कोणीही सांगितलं नव्हतं. ही चूक सर्वस्वी माझी आहे.'

"'विसरलो'च का लिहायचं?" मी विचारलं.

"ताई, कप तुम्हाला मिळाला ना?" काका हसले. "मग तुम्हीच सांगा."

आणि मला खरंच सांगता आलं. तोंडी परीक्षेत येतं तसं, धडाधड. त्या दिवशी धरणाच्या पायथ्याशी नव्या बागेचं उद्घाटन होतं आणि उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष आले होते. भोंगा त्यांच्या भाषणासाठी दाबला असेल तर प्रकरणात त्यांचाच संबंध येतो, आणि मग पेन्सिलचं दुसरं कुंपण. माफी बाद. पण गडी नुसता विसरला असेल, तर वाट मोकळी. बाबा सुटतात, मोठे साहेबही सुटतात, आणि राष्ट्राध्यक्ष दयाळू ठरतात.

पण बाबा विसरले नव्हते. ते मला कसं माहीत? मी तिथे होते.

शनिवार होता, शाळा अर्धा दिवस. मी बाबांचा डबा घेऊन धरणावर गेले होते. दरवाजांच्या खोलीत मुलांना घेत नाहीत, पण त्यांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं. बाबांचं काम म्हणजे काय, तर फोनवर हुकूम आला की तो शब्द न् शब्द परत म्हणायचा, शेवटी 'समजलं' म्हणायचं, मगच हात हलवायचा. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. ही सवय आमच्या घरातसुद्धा. "येताना साबण आणा." "येताना साबण आणायचा. समजलं." आई वैतागायची, "अहो, साबण आहे तो, धरण नाही!"

खालून बागेतून लाउडस्पीकर ऐकू येत होता आणि मी राष्ट्राध्यक्षांची नक्कल करत होते, "माझ्या प्रिय बंधूंनो" वगैरे. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. बाबा म्हणाले, "तीन नंबर आणि चार नंबर, दोन-दोन फूट. भोंगा नाही. भाषण संपेपर्यंत भोंगा नाही." मग, "समजलं, साहेब."

त्यांचं बोट भोंग्याच्या बटणावर गेलं होतं. मी पाहिलं. ते तिथे होतं आणि मग नव्हतं. मी परत "बंधूंनो" केलं. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तू तिथे नव्हतीस." मीही परत म्हणाले, "मी तिथे नव्हते. समजलं." साहेबांनी त्यांना निरोप पाठवला होता, तोंड बंद ठेव, बाहेर काढतो. त्यांनी ठेवलं. चौदा महिने.

तुरुंगात एका नातेवाइकाला आठवड्यातून एकदाच भेट मिळते. आईची सोमवारी होऊन गेली होती. माझी शिल्लक होती.

"तुझं ऐकतील ते," आई माझी वेणी घालता घालता म्हणाली. एवढी घट्ट की डोळे ताणले गेले. "शाळेत दोनशे माणसांना पटवलंस. एका बापाला पटवता येत नाही?"

"आई, पण ते खोटं..."

"खोटं असू दे. मला माणूस हवाय. खरं घेऊन काय करू? ताट वाढू त्याला?"

खरं सांगू? मला तेच ऐकायचं होतं. मलाही बाबाच हवे होते. खरं काय, ते मी चौदा महिने पोटात ठेवलंच होतं की, अजून चाळीस वर्षं ठेवलं असतं.

आईने बाबांचा निळा शर्ट इस्त्री केला, बुटांना पॉलिश केलं आणि दोन्ही पिशवीत भरून सोबत घेतलं. "उद्या सोडणार आहेत गं," मी म्हटलं. "असू दे," ती म्हणाली. "आजच सोडलं तर?"

भेटीची खोली लांबट, मधे काच, दोन्हीकडे रिसीव्हर. आमच्या रिसीव्हरला कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि ती हाताला लागत होती. बाबा आले. कॉलर गळ्याभोवती दोन बोटं सैल.

"काय कपवाल्या बाई," ते म्हणाले. "आम्हाला ओळख देणार की नाही?"

मी हसले. मग बोलायला लागले ते थांबलेच नाही. पंधरा मिनिटांची भेट, त्यातली पाच मी एकटीनेच घेतली. मुद्दे पाडून बोलले, हातवारे केले. काचेखालच्या फटीतून शिपायाने कागद पलीकडे सरकवला. बाबा चष्मा विसरून आले होते.

"वाचून दाखव," ते म्हणाले. कागद त्यांनी काचेला लावून धरला आणि मी वाचला.

"विसरलो नव्हतो गं मी," ते हळूच म्हणाले. "बोट बटणावर होतं माझं. तू बघत होतीस."

"मी तिथे नव्हते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर चुकवून चिकटपट्टी सोलत बसले.

"सही करा ना, बाबा. आई जेवत नाही. ताटावर बसते आणि तुमच्या पाटाकडे बघत राहते. मी किती बडबड करू? माझ्या बडबडीनं पोट भरतं का तिचं?"

"आणि तुझ्या बाकावरची?"

"तिचं काय? तुम्ही आत राहिलात म्हणून तिचा भाऊ परत येणार आहे का?"

रिसीव्हरमधून माझाच आवाज मला ऐकू आला. चढा, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. बाईंनी शिकवला तसा.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं.

"हे बघ, बाळा. मला एकच येतं. वरून आलेलं परत म्हणायचं आणि करायचं. एकवीस वर्षं तेच केलं. ठरवायचं माझ्याच्याने होत नाही. त्या दिवशीही झालं नाही." त्यांनी शिपायाकडून पेन मागून घेतलं. "तू सांग. तू हुकूम दे, मी परत म्हणतो आणि सही करतो. साहेबांनी सांगितलं तेव्हा केलं, मग माझ्या पोरीने सांगितल्यावर नाही करणार? चल. सांग."

ते मला टोमणा मारत नव्हते हो. खरोखर थकले होते. कुणीतरी सांगेल आणि संपेल, याची वाट बघत पेन धरून बसले होते.

"दोन मिनिटं," शिपाई म्हणाला.

दोनच शब्द होते. सही करा. मी तोंड उघडलं. आणि मला मोठे साहेब दिसले. मी त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. पण त्या दिवशी त्यांनीही असाच रिसीव्हर कानाला लावला असणार, आणि त्यांनाही काही नऊ माणसं मारायची नव्हती. त्यांना फक्त भाषण नीट पार पडायला हवं होतं. मला फक्त बाबा घरी हवे होते. दोघांनाही केवढं थोडंसं हवं होतं! आणि दोन्ही वेळा पलीकडे हाच माणूस, हात हलवायला तयार.

"एक मिनिट."

"भोंगा वाजवा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी डोकं वर केलं. "परत सांग."

"भोंगा वाजवा. खरं लिहा. साहेबांचं नाव लिहा. भाषणाचं लिहा. तुम्ही ऐकलंत तेही लिहा. आणि मी तिथे होते, ते पण."

"भोंगा वाजवायचा," बाबा म्हणाले. "खरं लिहायचं. साहेबांचं नाव. भाषणाचं. मी ऐकलं ते. आणि..." आयुष्यात पहिल्यांदा हुकूम परत म्हणताना ते अडखळले. "आणि तू तिथे होतीस." पेनाचं टोपण काढलं. "समजलं."

मग रिसीव्हर बंद पडला. बाबा कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला लागले. चष्म्याशिवाय, नाक कागदाला लावून. शिपायाने खांद्याला हात लावला तर त्यांनी डावा हात वर केला, थांब म्हणून. तो थांबला. जेलरने शिक्का मारला, एक प्रत कोर्टासाठी ठेवून घेतली आणि मूळ कागद माझ्या हातात दिला. अक्षरं ओळी सोडून भटकली होती, पण वाचता येत होती.

वकीलकाका गाडीपाशी उभे होते. त्यांनी कागद पाहिला, उलटा केला, मागची बाजू वाचली आणि गाडीत बसून गेले. वाटेत सोडतो असं येताना म्हणाले होते.

आईने दोनदा वाचलं. मग माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि लगेच तोच गाल हाताने दाबून धरला, जणू दुसऱ्याच कुणी मारलं होतं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

मला सांगता येईना. मला! ती फुटपाथच्या कडेला बसली, बुटांची पिशवी मांडीवर. "दहा वर्षं," ती म्हणाली. "आता दहा वर्षं गं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू तिथे नव्हतीस."

"होते, आई."

"नव्हतीस! शेंबडी पोर तू. कोर्टात उभी करतील, चार-चार वकील फाडून खातील तुला."

"होते."

आम्ही तिथेच बसून राहिलो. रस्त्यापलीकडच्या कचेरीतली माणसं सुटली, एकेक सायकल बाहेर पडली. म्हणजे पाच वाजून गेले. आईने ते पाहिलं आणि पिशवीतून शर्ट काढला, इस्त्रीची घडी मोडली, परत घातली, पुन्हा मोडली. मला तिच्याकडे बघवेना. मी त्या शर्टाची एक बाही धरून बसले.

"आणि त्या पोरीला?" आई शेवटी म्हणाली. "तुझ्या बाकावरच्या? तिला कोर्टातून कळू द्यायचं का?"

"नाही. उद्या मी सांगते."

"ती तोंड बघणार नाही तुझं."

"माहीत आहे."

"काय सांगशील?"

"सांगेन की... मी होते म्हणून."

"असं नाही. नीट. तिला सांगशील तसं म्हणून दाखव."

मी उभी राहिले. स्टेजवर राहतात तशी, दोन्ही पाय जुळवून. "मी तिथे होते," म्हणाले. "फोन आला तेव्हा. बाबा म्हणाले, भोंगा नाही. मी ऐकलं. आणि मी नक्कल..." आणि आवाज गेला. नुसते ओठ हलत होते.

आईने माझी बाही ओढली.

"परत," ती म्हणाली.