बरोबरीत पैसे आहेत

चिकटपट्टीचं टोक पुन्हा सुटलं होतं. नऊ नंबरच्या जर्सीवर, छातीपाशी, बरोबर सोफ्याच्या पाठीवर — म्हणजे सोफ्याच्या चित्राच्या पाठीवर — आणि खजिनदारानं ते अंगठ्यानं दाबून बसवलं, तशी पट्टी दुसऱ्या बाजूनं उचकटली. जर्सींचे पैसे दिलेला फर्निचरवाला बुडून वर्ष होत आलं, दुकानाला टाळं लागलं, आणि आमचे गडी अजून त्याचा सोफा छातीवर घेऊन धावतायत... नव्या जर्सी शिवायला पैसे नाहीत, आणि जुन्या तशाच घातल्या तर फुकटची जाहिरात होते, ती आपण का करायची, असा ठराव कार्यकारिणीनं एकमतानं केला होता. फुकटची जाहिरात! बंद दुकानाची! ती वाचून गिऱ्हाईक जाणार कुठं, टाळ्याला हात लावून परत येणार? पण ठराव झाला म्हणजे झाला, म्हणून पांढरी चिकटपट्टी आली, आणि ती चिकटवायला ह्या जगात खजिनदाराशिवाय दुसरा रिकामा माणूस नव्हता.

त्यानं जर्सी खुंटीला अडकवली आणि खोलीभर नजर फिरवली. खेळाडूंच्या खोलीत ओल्या मोज्यांचा आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा वास कायमचा मुरलेला होता. कोपऱ्यातला नळ गळत होता. नळाखाली बादली, बादलीवर कुणीतरी लिहिलेली ‘कृपया बादली हलवू नये’ अशी सूचना. नळ दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही, सूचना लिहायचं सुचलं — ह्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचा झाला तर ह्या एका वाक्यात संपेल, असं त्याला वाटलं, आणि वाटून बरं वाटलं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याला बरं वाटण्याचे प्रसंग कमीच येत. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मैदानावर आलं की मात्र येत. घरी बायको म्हणायची, एवढा जीव आहे तुमचा त्या क्लबवर? जीव! तिला कसं सांगायचं... जीव कुणाचा कशावर असतो ते माहीत नाही, पण हा क्लब बंद झाला तर शनिवारी दुपारी माणसानं हसायचं कुणाला? टीव्हीला?

आणि क्लब बंद होणार होता. मैदान नगरपालिकेचं, भाडं दोन हंगामांचं थकलेलं, आणि महिनाअखेरपर्यंत ते भरलं नाही तर ह्या हिरवळीवर — हिरवळ म्हणायची पद्धत आहे म्हणून हिरवळ — मोटारी उभ्या राहणार होत्या. नगरपालिकेच्या माणसानं येऊन मोजमापंसुद्धा घेतली होती. त्या माणसाला अध्यक्षांनी चहा पाजला होता, आणि तो टेप उलगडत असताना दुसरं टोक धरून उभे राहिले होते.

अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं आणि डोकं त्याच दुकानातल्या रिकाम्या डब्यासारखं होतं. चषकाच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि आपल्या चिठ्ठीसमोर त्या बड्या क्लबची चिठ्ठी आली — ज्यांच्या राखीव खेळाडूंचे बूटसुद्धा आमच्या अख्ख्या स्टँडपेक्षा महाग — तेव्हा अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. इतिहास घडवू या, म्हणाले. प्रशिक्षक — हा आठवडाभर गाडी शिकवण्याच्या शाळेत लोकांना ब्रेक कुठं आहे ते दाखवायचा, आणि शनिवारी आमच्या पोरांना गोल कुठं आहे ते — त्यानं टेबलावर मूठ आपटली. जिंकायचंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग खजिनदारानं घसा खाकरला.

नियम इतका साधा होता की तो समजावून सांगावा लागतो ह्याचीच त्याला कीव आली होती. हरलो तर आपल्या एवढ्याशा स्टँडच्या तिकिटांपलीकडं काहीच मिळत नाही. बरोबरी झाली तर सामना पुन्हा होतो, तो पाहुण्यांच्या मैदानावर, आणि तिकिटांचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं. त्यांच्या मैदानात आपल्यासारखं अख्खं गाव बसून वर जागा उरेल. त्यातल्या निम्म्यात थकलेलं भाडं फिटेल, पुढलं फिटेल, जर्सी होतील. आणि जिंकलो — इथं सगळ्यांची अक्कल चरायला गेली होती — जिंकलो तर पुढच्या फेरीत आपल्याहून कंगाल क्लब, दिवसभराच्या प्रवासावर. बसचं भाडंसुद्धा सुटायचं नाही. बोला.

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे जिंकायचं नाही?”

“असं मी कुठं म्हटलं?” तो म्हणाला होता. “बरोबरीत पैसे आहेत, एवढंच म्हटलं.”

त्या वाक्यानंतर त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे हळूहळू उजाडत गेलं ते बघायला त्याला फार मजा आली होती. इतिहास घडवणारे सगळे क्षणात कारकून झाले. त्यानं चष्मा पुसला होता आणि घरी जाताना वाटेत दोनदा एकटाच हसला होता.

...आज स्टँड भरला होता. इतकी माणसं ह्या मैदानावर त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि ह्यातले निम्मे पाहुण्या संघाला बघायला आलेत, उरलेले आमची फजिती बघायला, हे त्याला चेहरे बघूनच कळत होतं. तो कार्यकारिणीच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. गोलात त्याचा भाचा उभा होता.

भाच्याबद्दल त्याची मतं गावात सगळ्यांना पाठ होती. बहिणीचा एकुलता एक, बाप लवकर गेलेला, लहानपणी गुबगुबीत, धावायला लावलं की धापा टाकायचा — म्हणून मामानंच त्याला हाताला धरून मैदानावर आणला आणि गोलात उभा केला होता. तिथं निदान पळावं लागत नाही. आता तिशी उलटली, नळजोडणीची कामं करतो, दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत पाठीवर झोपतो आणि शनिवारी इथं आडवा पडतो. प्रत्येक सामन्यानंतर मामा त्याला गाडीतून घरी सोडायचा आणि वाटेत प्रत्येक गोलाचं शवविच्छेदन करायचा. नालायका, तो चेंडू माझ्या आजीनं अडवला असता. भाचा खिडकीतून बाहेर बघत हसायचा. कधी उलटून बोलला नाही. त्याचीही मामाला चीड यायची.

पण आज... आज काय चाललं होतं? पाहुण्यांचा तो उंच पुढचा खेळाडू दोनदा एकटा सुटला, आणि दोन्हीदा भाचा त्याच्या पायांवर असा झेपावला की स्टँडमधली फजिती बघायला आलेली माणसं उठून उभी राहिली. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आमच्या नऊ नंबरच्या डोक्याला चेंडू लागला — त्यानं मारला म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर नको तेवढा विश्वास टाकणं — आणि आत गेला.

एक शून्य. आम्ही. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि कार्यकारिणीच्या रांगेत मयताला आल्यासारखी शांतता होती.

अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकले. “खजिनदार, अहो, हे भलतंच झालं की.”

“अभिनंदन,” तो म्हणाला. “इतिहास घडतोय तुमचा.”

“थट्टा सोडा हो. मैदान जाईल.” अध्यक्षांच्या कपाळाला घाम होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “तुमचा भाचा आहे... तुमचं ऐकेल तो.”

काय निर्लज्ज माणूस! नुसत्या कानाशी बोलण्यातसुद्धा रंगाच्या दुकानाचा वास. ह्याची लायकी ती हीच, गिऱ्हाइकाचा डोळा चुकवून रंगात पाणी घालायची! तो उठला. त्याला राग आला होता, खराखुरा, आणि त्या रागात त्याला स्वतःविषयी क्षणभर उंच वाटलं. भाच्याला जाऊन सांगायचं, की कुणी काही म्हणालं तर कान देऊ नकोस. एवढंच सांगायचं. जिना उतरताना तो ते मनात घोळवत होता... आणि त्याच्याच खाली, दुसऱ्या एका आवाजात, मोटारी ओळीनं उभ्या राहत होत्या, जिथं भाचा उभा राहतो तिथं एक, कॉर्नरच्या झेंड्याशी एक, आणि शनिवारची दुपार, बायको, टीव्ही, माणसानं हसायचं कुणाला.

प्रशिक्षक मधल्या बोळात दहा जणांना घेऊन काहीतरी ओरडत होता. खोलीत भाचा एकटाच होता. हातमोजे बाकावर काढून ठेवलेले, हातात पाना, आणि तो गळका नळ आवळत होता.

“आत्ता हे काय काढलंस?” खजिनदार म्हणाला.

“टपटप ऐकून डोकं उठलं, मामा. वॉशरच गेलाय. तात्पुरता बसवतो.” त्यानं मागं वळून बघितलं नाही. “बघितलंस ना? दुसरा कसा काढला?”

बघितला, असं म्हणायचं होतं. कधी नव्हे ते म्हणायचं होतं. पण माणूस बोलायला तोंड उघडतो आणि बाहेर पडतं ते आधीपासून तिथं बसून राहिलेलं असतं.

“बरोबरीत पैसे आहेत,” तो म्हणाला.

पाना थांबला. नळही थांबला होता.

“हां,” भाचा म्हणाला. तो वळला आणि त्यानं ओले हात चड्डीला पुसले. “सकाळी कोच म्हणाले. काल अध्यक्ष घरी आले होते, आईसमोर म्हणाले. सगळ्यांचं अगदी हेच वाक्य. मी म्हणत होतो, ह्या लोकांना एवढं सुचलं कुठून.”

“अरे, मी नुसता नियम सांगितला. हिशेब—”

“मी आईला म्हटलं, मामाला कळू दे, सोलून काढेल सगळ्यांना.” तो ओरडला नाही. मोजे उचलून घालायला लागला, बोट बोट करून, नीट. “चल, शिट्टी होईल.”

“तू काही मनावर घेऊ नकोस,” खजिनदार म्हणाला. “तू आपला खेळ.”

“तेच करतोय ना.”

उत्तरार्ध त्यानं धड पाहिला नाही आणि सगळा पाहिला. म्हणजे चेंडू कुठं होता ते सांगता आलं नसतं, पण भाच्याचे हात कुठं होते ते प्रत्येक क्षणी सांगता आलं असतं. त्या हातांनी एक चेंडू वरच्या दांड्यावरून ढकलला. एक छातीशी धरला आणि बाळाला घेतात तसा पोटाखाली घेऊन पडला. स्टँड त्याचं नाव घेऊन ओरडत होता. खजिनदाराला आठवलं, की त्याला गोलात उभं केल्यापासून आपण कधी त्याचा खेळ बघितलाच नाही, बघितल्या त्या चुका... हा चांगला आहे. अरे, हा खूपच चांगला आहे. हे मला कुणी का सांगितलं नाही? आणि लगेच पाठोपाठ: वेळ संपत आली, अजून एक शून्यच आहे.

मग तो गोल झाला. लांबून मारलेला, जोर नसलेला, जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू. भाचा उजवीकडं पडला — वेळेवर पडला की उशिरा? — आणि चेंडू त्याच्या कोपराखालून आत गेला.

लोकांनी डोक्याला हात लावले. अध्यक्षांनी एक टाळी वाजवली, आणि भानावर येऊन ते हात चोळत बसले. भाचा थोडा वेळ तसाच पडून होता, तोंड गवतात. मग उठला, चेंडू जाळीतून काढला आणि मध्यावर लाथाडून दिला. आणखी काही झालं नाही. बरोबरी.

कार्यकारिणीच्या खोलीत चहा आला. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली. “मानलं तुम्हाला, खजिनदार! काय डोकं आहे!” प्रशिक्षक त्याचा हात सोडेना. त्यांच्याकडं बघून ओठ मुरडायची ही हक्काची वेळ होती, आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं ओठ मुरडायला घेतलेही. जमलं नाही. समोरचे लोक तेच होते, तितकेच क्षुद्र, पण आता आपण त्यांच्यातच, त्यांच्या मधोमध, चहाचा कप घेऊन उभे आहोत असं दिसत होतं.

भाचा बोळात पिशवी घेऊन थांबला होता. “सोडतोस ना घरी? आई वाट बघत असेल.”

गाडीत तो नेहमीसारखा खिडकीकडं बसला. खजिनदारानं गाडी सुरू केली. बाजाराची गल्ली गेली, पूल गेला. केसांतून पाणी ठिबकत होतं त्याच्या, जर्सीच्या कॉलरवर. विचारायचं असेल तर आत्ता. मुद्दाम का रे? हो म्हणाला तर? नाही म्हणाला तर मी विश्वास ठेवीन? आणि माझा हक्क काय विचारायचा...

“हातून निसटला,” भाचा म्हणाला.

“होतं असं,” खजिनदार म्हणाला. “कुणाच्याही हातून होतं.”

भाच्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. “आज शिव्या नाहीत?”

सिग्नल लाल होता. त्याला कळलं की ह्या मुलाला आत्ता फक्त एक गोष्ट हवी आहे — की मामानं नेहमीसारखं तोंड सोडावं, त्या गोलाला नेहमीसारखा नेहमीचा गोल करून टाकावा. शब्द तयार होते. नालायका. माझ्या आजीनं. त्यानं तोंड उघडलं, पण ते शब्द उच्चारायला आतून जो माणूस लागतो तो जागेवर नव्हता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. भाचा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला, हसला नाही, आणि स्टिअरिंग घट्ट धरून खजिनदार मनापासून, आयुष्यात कशासाठीही केली नव्हती इतक्या कळकळीनं प्रार्थना करत होता, की हा पोरगा खरोखरच नालायक गोलकीपर असू दे.