शेजारच्या कठड्यावरची वेल

तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये कलावतीबाईंनी कुंडीत क्लेमाटिसची वेल लावली. मुळांना सावली हवी, म्हणून कुंडीभोवती विटा रचल्या. वेल भराभर वाढली, पण ऊन शोधत शेजारच्या गॅलरीत शिरली आणि तिथेच जांभळी फुलली. मेहनत आपली नि फुलं भलतीकडे, याचा त्यांना राग आला. वेल परत आणायला त्या शेजारच्या वनमालाबाईंकडे गेल्या.

"ताई, ओढू नका, तुटून जाईन," वनमालाबाई घाबरून म्हणाल्या.

देठ खरंच नाजूक होते. कठड्याशी त्यांनी सुतळीही बांधून दिली होती.

"राहू द्या मंग," कलावतीबाई म्हणाल्या. "पण सुकलेली फुलं छाटत जा. तवाच नवीन येत राहतीन."

वनमालाबाईंनी लगेच कात्री आणली. दोघी छाटायला बसल्या.