जंत असू दे

पूर्णिमानं अनुश्रीचं नाक दाबलं आणि कारल्याच्या रसाची वाटी तिच्या ओठांना लावली.

"मम्मी, बहुत कड़वा है!"

"गीळ मुकाट्यानं. पोटातले जंत मेले का गालावरचा डाग जाईन."

डाग कसला, हरभऱ्याएवढा पांढुरका ठिपका. पण तो दिसल्यापासून पूर्णिमानं पोरीचं खाणंपिणंच बदललं होतं. दूध बंद, दही बंद, लिंबू-चिंच बंद. सकाळी कडुलिंब, संध्याकाळी गोल बाजारातून आणलेलं वावडिंग. पोट साफ तर कातडी साफ, असं शेजारणीही सांगत. पोरगी पार वाळत चालली होती. लोक देवाकडे सोनंनाणं मागतात. ही बाई जंत मागत होती. जंत असू दे रे बाप्पा, कोड नको.

कारण कोड घरातच होतं. पूर्णिमाचा नवरा दिवाकर याची हिंदी मुलखातल्या नव्या राजधानीत बदली झाली तेव्हा नवऱ्यानं टाकलेली त्याची थोरली बहीण सरलाताईही सोबत आली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. अनुश्री त्याच हातचं जेवून वाढलेली. डाग दिसला त्या दिवशी ताईनं कणीक मळणं सोडलं, आपला कप उचलून मागच्या खिडकीत ठेवला. पूर्णिमानं ते पाहिलं. "असं काहून करता?" एवढंही तिच्या तोंडून निघालं नाही. उलट बरं वाटलं होतं मेलीला.

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगातून गाल पाहिला.

"सफेद दाग नहीं है. कीड़े भी नहीं. चमड़ी सूखी है, बस. और बच्ची इतनी कमज़ोर क्यों है? दूध, दही, सब खिलाइए."

"और डॉक्टर साहब... किसी के हाथ का खाने से?"

"वो न खाने से होता है, न छूने से."

घरी सरलाताई दारातच उभी होती.

"काय म्हणे डॉक्टर? माह्यासारखं त नाही ना?"

"नाही, ताई."

ताईनं उंबऱ्यावर बसून हात जोडले. "देव पावला, बाई. मले घास उतरत नव्हता. वाटे, माह्याच हातानं पोट्टीले..."

पूर्णिमाला मान वर करवेना. ती आत गेली. चहा टाकला. खिडकीतला कप विसळून आणला, त्यात चहा ओतला आणि ताईसमोर बसून प्यायला लागली. पहिला घोट डोळे मिटूनच घेतला.

"कप माहा आहे तो," ताई म्हणाली.

"हव." पूर्णिमानं कणकेची परात तिच्यापुढं सरकवली. "मळून द्या, ताई. पोट्टी भुकेली आहे."