हिरवा तास

गोदामातली माणसं मॅनेजरबाईंना पाठीमागे 'टाइमटेबल' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नाकी नऊ आले होते. साठ माणसं, बावीस गाड्या, आणि केबिनच्या दारात सदा कुणीतरी उभं. मग कंपनीने त्यांना एका प्रशिक्षणाला धाडलं. तिथल्या गुळगुळीत गृहस्थाने हातात तक्ता दिला. दिवसातले ताजे तास हिरवे, थकलेले लाल. अवघड काम हिरव्यात करा, बाकी सगळं लालमध्ये ढकला.

बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांचा हिरवा तास नऊ ते दहा. दार बंद, फोन ड्रॉवरमध्ये. गाड्यांच्या फेऱ्या चुटकीसरशी लागू लागल्या, डोकेदुखी थांबली, वरचे साहेब खूश. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही.

मग बाईंच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं अडकलं. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं, "सकाळी नऊला ते छान बोलतात. तासाभराने शब्द थकतात. बोलायचं तर तेव्हा बोला."

"नऊला मला जमणार नाही," लेक म्हणाली. "मी संध्याकाळी सातला येत जाईन."

सात म्हणजे तिचा लाल तास. पण यायची मात्र रोज, एक दिवस चुकवला नाही. बाबा शब्द चाचपडत बसले की हीच तो पुरा करायची. "पाणी? गोळी? पंखा?" तिसऱ्या चुकीनंतर बाबा दमून नुसतीच होकाराची मान हलवायचे. "बघा, मला न सांगता कळतं," असं ती बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना वर ऐकवायची.

एके सोमवारी, तिने नाव नोंदवून ठेवलेल्या वृद्धाश्रमातून फोन आला. खोली रिकामी झाली होती, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिने त्याच संध्याकाळी बाबांच्या कानावर घातलं आणि म्हणाली, "विचार करून ठेवा." शुक्रवारी सातला ती फॉर्म घेऊनच आली.

"तिथे चोवीस तास नर्स असते, बाबा. जायचं ना?"

"मला... मला..." बाबांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या.

"माझ्यावर भार नको, असंच ना?"

त्यांनी जोरात मान नकारार्थी हलवली.

"मग सोबत हवी? तिथे आहे की भरपूर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती जांभई दाबत होती. त्यांनी हळूच होकाराची मान हलवली. तिने तिथल्या तिथे सही केली.

रविवारी सामान गेलं, बाबा गेले. रिकामी खोली झाडताना मावशी म्हणाल्या, "ताई, रागावू नका. तुम्ही विचार करायला सांगितलंत, त्यानंतरचे चार दिवस ते दिवसभर गप्प बसायचे. तुमच्यासाठी शब्द राखून ठेवायचे. फक्त सकाळी नऊला माझ्यासमोर एकच वाक्य म्हणायचे, मला इथेच राहू दे. एकदाही अडखळले नाहीत."

"मग मला फोन का नाही केलात?"

"केला होता. चारही दिवस, नऊला. सातला सांगायला गेले, तर म्हणालात, मला न सांगता कळतं."

मिस्ड कॉल तिने पाहिले होते. काही असेल तर सातला कळेलच, म्हणून सोडून दिले होते.

सोमवारी नऊ वाजता तिने पहिल्यांदाच ड्रॉवर उघडला आणि आश्रमात फोन लावला. "बाबा, चुकलं माझं. घरी चला, मी न्यायला येते."

"ही तुझी कामाची वेळ," बाबा म्हणाले. एकेक शब्द खणखणीत. "सातला ये." आणि त्यांनी फोन ठेवला.

सातला ती गेली. "घरी यायचं ना?" तिने विचारलं. बाबांनी होकाराची मान हलवली. तिला हायसं वाटलं. मग कोण जाणे काय मनात आलं, तिने विचारलं, "की इथेच राहायचं?"

बाबांनी तशीच मान हलवली.