खुंटीमास्तरांची शोकसभा

“छान येतोय हो आवाज,” बायको कानाशी कुजबुजली, आणि इंजिनिअरची मान ताठ झाली.

शोकसभेत मान ताठ करून बसायचं नसतं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण झाली खरी. प्रार्थनागृहाचे अध्यक्ष समोर उभे राहून खुंटीमास्तरांबद्दल बोलत होते, आणि त्यातला एक शब्द हा पठ्ठ्या ऐकत असेल तर शपथ. तो नुसता आवाज ऐकत होता. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सारखा, स्वच्छ, कुठे घुमणं नाही की कुठे शिट्टी नाही. ही सगळी यंत्रणा त्यानेच आखलेली, त्यानेच बसवलेली. आणि ज्या माणसाने त्याला एकोणिसाव्या वर्षी वायर सोलायला शिकवलं, त्याच माणसाची ही शोकसभा होती.

या प्रार्थनागृहाच्या दालनाला कामं तरी किती! सकाळी प्रार्थना, दुपारी मुलांचा वर्ग, संध्याकाळी गाण्याची तालीम, अधूनमधून लग्न, सत्कार, सभा. खुर्च्या आज या भिंतीकडे तोंड करून, तर उद्या गोलात. पूर्वी हे सगळं मास्तर एकटे सांभाळायचे. मागच्या खांबाशी एक स्टूल, पुढ्यात आवाज कमीजास्त करायच्या खुंट्याच खुंट्या असलेला जुना मिक्सर, आणि त्यावर मास्तरांची दहा बोटं. चौतीस वर्षं. म्हणून तर नाव पडलं खुंटीमास्तर. कुणाचा आवाज बसलेला असला की खुंटी हळूच वर. कुणी तावातावाने बोलायला लागलं की हळूच खाली. बोलणाऱ्याला पत्ता लागायचा नाही आणि ऐकणाऱ्यालाही.

तीन वर्षांपूर्वी समितीने दालन नवं करायचं ठरवलं. काम मिळालं मास्तरांच्याच शिष्याला. त्याने दाराजवळच्या भिंतीवर चार बटणांची पाटी बसवली. प्रार्थना, वर्ग, सभा, संगीत. एक बटण दाबायचं की दिवे, पडदा, माइक, स्पीकर सगळे आपापल्या जागी. समितीपुढे छाती फुगवून तो म्हणाला होता, “आता मागे माणूस बसवायची गरज नाही.”

मास्तर तेव्हा त्याच खोलीत होते. मागच्या खुर्चीवर.

यंत्रणा बसत होती तेव्हा ते रोज यायचे, पायाशी आलेल्या वायरी कोपरावर गुंडाळून ठेवायचे. एकदा म्हणाले, “हे तुझं यंत्र हळू बोलणाऱ्याचं काय करतं रे?”

“मास्तर, त्याला आपोआप कळतं. कुणी बोललं की माइक उघडतो, बोलणं थांबलं की मिटतो. खोकला, कागदाची खसफस, खुर्चीचं करकरणं, काही म्हणून ऐकू येत नाही.”

“ते झालं. पण कुणी रडत रडत बोललं तर?”

“अहो, सभेत कोण रडतंय?” इंजिनिअर हसला होता. “बरं, तुमच्यासाठी संगीतच्या बटणावर माइक सतत उघडे ठेवतो. झालं समाधान?”

मास्तरही हसले होते. मग ते आपलं स्टूल उचलून घरी घेऊन गेले.

कुठला आवाज बोलणं धरायचा आणि कुठला खसफस, याची रेघ इंजिनिअरने आखली ती अध्यक्षांना दहा मिनिटं बोलायला लावून. आता अध्यक्षांचा आवाज म्हणजे काय विचारता! माइक नसला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असा. पण काम उरकायचं होतं, अध्यक्ष हाताशी होते, आणि त्यांना बोलायला फक्त निमित्त लागायचं.

“आता मास्तरांच्या पत्नी दोन शब्द बोलतील,” अध्यक्ष गरजले आणि खाली बसले.

काकू उठल्या. हातात घडी केलेला कागद. माइकपुढे उभ्या राहिल्या, चष्मा लावला, कागद उलगडला.

“आमचे हे...” एवढं ऐकू आलं. मग काहीच नाही. ओठ हलत होते. मग मध्येच “...स्टूल...” आणि पुन्हा काही नाही.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण इंजिनिअरला पहिल्या तीन शब्दांतच कळलं. काकूंचा आवाज रेघेच्या खाली होता. यंत्राला ती खसफस वाटत होती, आणि ते इमानेइतबारे माइक मिटत होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, “काकू, जरा जोरात!”

काकूंनी मान हलवली, घसा खाकरला. ते खाकरणं तेवढं दालनभर खणखणीत ऐकू गेलं. दोन पोरं फिदीफिदी हसली.

उपाय होता. दाराजवळ जायचं, संगीतचं बटण दाबायचं, की माइक उघडे. वीस पावलं. पण बटण दाबताच दिवे मंद होणार, पडदा खाली यायला लागणार, सगळ्या माना वळणार, आणि दाराशी कोण उभा? तर इंजिनिअर. आपणच बसवलेल्या यंत्राला भर सभेत थोपटणारा. शिवाय पहिल्या रांगेत दुसऱ्या एका प्रार्थनागृहाची माणसं बसलेली. त्याचं काम बघायला तोच त्यांना घेऊन आला होता. आज, इथे, शोकसभेत! हे आठवलं आणि त्याचे कान तापले.

“अहो, ऐकू नाही येत त्यांचं,” बायको म्हणाली. “बघा ना काहीतरी.”

“त्यांना सवय नाही माइकची,” तो म्हणाला. म्हणाला, आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसला.

काकूंनी अर्धा कागद वाचला असेल. मग त्यांनी समोर पाहिलं. लोक एकमेकांच्या कानाला लागले होते, कुणी घड्याळ बघत होतं. त्यांनी कागदाची घडी केली, आणि सगळा धीर गोळा करून मोठ्याने बोलल्या. ते मात्र यंत्राने नीट पोचवलं.

“माफ करा. माझाच आवाज बसलाय.”

सभा संपली. मागे चहाची किटली आली. लोक म्हणू लागले, “बाई घाबरली बिचारी.” “दुःखच तेवढं हो.” अध्यक्षांनी इंजिनिअरच्या पाठीवर थाप मारली. “यंत्रणा एकदम झकास! माझा शब्द न् शब्द ऐकू आला म्हणतात सगळे.” पाहुण्यांनीही माना डोलावल्या.

“हो,” इंजिनिअर म्हणाला. एवढासा शब्द, पण तो घशातून काढताना त्याला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात काकूच त्याच्याकडे आल्या. कागद अजून मुठीत होता.

“काय रे,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “माइकपासून मी लांब उभी राहिले का? की तिरपी उभी होते? दोन दिवस घरी आरशापुढे उभी राहून वाचत होते. तू त्यातला जाणकार, म्हणून विचारते. माझं चुकलं काय?”

बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“काकू, तुमचं काही चुकलं नाही.”

“मग?”

“माझं चुकलं. हळू बोललं की ते यंत्र आवाज तोडतं. मास्तरांनी मला विचारलं होतं, मी हसण्यावारी नेलं. आणि आत्ता... आत्ता मला उठून ते नीट करता आलं असतं. मी बसून राहिलो. लोक बघतील म्हणून.”

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “ते मला कशाला सांगतोस? त्यांना सांग. बाई घाबरली म्हणतायत सगळे. मी घाबरले नव्हते.”

लोक चपला शोधायला लागले होते. इंजिनिअर तरातरा पुढे गेला आणि माइकसमोर उभा राहिला. “एक मिनिट थांबा,” तो ओरडला. सगळे वळले. समोर अध्यक्ष, पाहुणे, बायको. त्याचा आवाज एकदम खाली आला.

“काकूंचा आवाज...” तो म्हणाला, आणि पुढचं सगळं माइकने गिळलं. त्याला स्वतःचेच ओठ हलताना जाणवत होते, शब्द कुठेच पोचत नव्हते. वर स्पीकर गप्प, पुढे शंभर चेहरे कोरे.

“अहो, जोरात बोला!” मागून कुणीतरी म्हणालं.

तो माइक सोडून पुढे आला, खुर्च्यांच्या मधोमध उभा राहिला, आणि गळ्याच्या शिरा फुगवून बोलला. “काकू घाबरल्या नव्हत्या! यंत्र माझं होतं. चूक माझी होती. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो.”

पाहुण्यांतल्या एकाने खाली पाहिलं. अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि, नवल म्हणा, पुन्हा मिटलं.

“मी ते बटण दाबतो काकू,” इंजिनिअर म्हणाला. “तुम्ही परत वाचा.”

“नको ते बटणबिटण,” काकू म्हणाल्या. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या आणि कागद मांडीवर सरळ केला. “ज्यांना ऐकायचंय त्यांनी जवळ या.”

लोक आले. कुणी खुर्च्या ओढल्या, कुणी खाली टेकलं. हसलेली दोन पोरं अगदी पायाशी येऊन बसली. बायकोही गेली. गर्दी काकूंभोवती मिटली तसा इंजिनिअर मागे मागे सरकत गेला. पाठीला खांब लागला तेव्हा थांबला.

फरशीवर चार काळपट ठिपके होते, चौकोनात. चौतीस वर्षं एकाच जागी असलेल्या स्टुलाच्या पायांचे. नव्या फरशीला खर्च नको म्हणून समितीने जुनीच घासून घेतली होती, पण ते गेले नव्हते.

काकू वाचू लागल्या. माणसं पुढे झुकली. एकदा सगळी हसली, मग कुणीतरी डोळे पुसले. खांबापाशी त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. बायकोने वळून पाहिलं आणि आपल्या शेजारची रिकामी जागा हाताने दाखवली.

त्याने मान हलवून नको म्हटलं, आणि त्या ठिपक्यांवर पाय न देता तिथेच उभा राहिला.