शनिवारच्या पाण्याची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुलूप येतं. मी एक जुनी चावी आहे खरी, पण माझी कुलपं जमिनीखाली असतात. साडेचार फुटांचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड, असं माझं रूप. गावच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह माझ्यावाचून उघडत नाहीत आणि बंदही होत नाहीत. त्यामुळे मला थोडा तोरा आहे. तेवढा चालवून घ्या.

माझं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या खारपाणपट्ट्यात आहे. नाव सांगत नाही, ग्रामसेवक साहेब रागावतील. इथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही. गोड पाणी लांबच्या धरणावरून पाइपानं येऊन टाकीत पडतं. मग रोज सकाळी दोन तास एकेका गल्लीची पाळी असते. ज्या गल्लीची पाळी, तिचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बाकीचे बंद ठेवायचे. काम एवढंच, पण त्यात चूक झाली तर एका गल्लीचा आठवडा कोरडा जातो.

मला घडवलं अचलपूरच्या ताहेरमिस्त्रींनी, ट्रॅक्टरच्या एका मोडक्या दांड्यापासून. गावात पाणी सोडणारा देवमन मला न्यायला आला होता. एसटीत कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट मागितलं, तेव्हा देवमननं मला मांडीवर आडवं घेतलं आणि ही घरचीच आहे म्हणाला. तिकीट काही लागलं नाही. पुढे बावीस वर्षं मी त्याच्या खांद्यावर फिरले. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते त्याच्या मनगटाला पाठ होतं. लोक त्याला पाणीवाला देवमन म्हणत आणि लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसवत. मला वाटायचं, त्यातला थोडा मान माझाही आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गावाच्या टोकाच्या गल्लीतला व्हॉल्व्ह एकदा फुटला. ठेकेदारानं त्याच्याकडे पडलेला दुसरा बसवून दिला. बाकीचे सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात. हा नेमका उजवीकडे उघडायचा. देवमनला ते पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून त्या एका गल्लीत तो मला उलटं फिरवत असे. त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. लिहून ठेवायची तर आमच्याकडे रीतच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी देवमन वारला. त्याची जागा भरली गेली नाही. पंचायतीचा शिपाई भगवंत याच्या गळ्यात पाणी सोडण्याचं काम पडलं. भगवंत मनानं सरळ माणूस, पण दहा कामं आणि दोन हात. त्यानं सगळे व्हॉल्व्ह एकाच दिशेनं फिरवले. टोकाच्या गल्लीची पाळी शनिवारी. दर शनिवारी तो माझ्यावर सगळा जोर टाकून तो व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे खरं तर घट्ट बंद करायचा. दोन तासांनी तितक्याच जोरानं बंद करायचा, म्हणजे सताड उघडायचा. पण तोवर पाणी दुसरीकडे वळलेलं असे. मी त्याच्या हातात कुरकुरायचे, अडायचे. त्याला वाटायचं, गंज चढला आहे.

टोकाच्या गल्लीतल्या बाया शाळेच्या नळावरून डोक्यावर पाणी आणू लागल्या. म्हाताऱ्या माणसांनी तर पुन्हा विहिरीचं खारं पाणी प्यायला घेतलं. त्यांनी पंचायतीत किती खेटे घातले ते मी मोजणंच सोडलं होतं. ती गल्ली उंचावर आहे, नवी पाइपलाइन टाकावी लागेल, प्रस्ताव तालुक्याला गेला आहे, असं त्यांना सांगितलं जायचं. मी मात्र पंचायतीतल्या कपाटामागे कोळिष्टकांत उभी असायचे. तीन वर्षांत मला तेलाचा एक थेंबही मिळाला नाही.

आणि मग फलक आली. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या वकारभाईंची ही मुलगी. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी होती. बेरोजगार तरुणांना सहा महिने सरकारी कार्यालयात काम द्यायचं, त्यांनी काम शिकायचं आणि महिन्याला मानधन घ्यायचं, अशी योजना आली, आणि फलकला आमची पंचायत मिळाली. पहिले दोन महिने तिच्याकडून झेरॉक्स काढून घेतल्या आणि चहा करून घेतला. सहा महिन्यांच्या माणसाला काय शिकवायचं, असा हिशेब. एक दिवस ती ग्रामसेवक साहेबांपुढे उभी राहिली.

"मले काम द्या साहेब. चहा तं घरी बी होते."

साहेब हसले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भगवंतसोबत पाणी सोडायला जा म्हणाले. त्यांना वाटलं, दोन दिवसांत पोरगी परत झेरॉक्सवर येईल. पहिल्या दिवशी मी तिला उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी ती हाताला फडकं गुंडाळून आली आणि येताना दुकानातलं तेल घेऊन आली. तिनं माझं तोंड खरवडून पुसलं, मुठीला तेल दिलं. मला भरून आलं, मित्रांनो. तेलानं नाही, विचारल्यानं. कारण तेल देताना ती भगवंतला विचारत होती, ही चावी कुणी बनवली, किती वर्षांची, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरतो. भगवंतला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं वहीत उतरवलं.

टोकाच्या गल्लीत पार्बताबाई राहतात. वय सत्तरीचं, गुडघे गेलेले. फलक त्यांच्या ओट्यावर बसली तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्या तीन वर्षं सगळ्यांना सांगत होत्या.

"माय, आमच्या पाळीच्या दिवशी नळ कोरडा ठण. बाकीच्या दिवशी थेंब थेंब गयते. असं कुठी असते का?"

फलकनं हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, म्हातारीचं काय ऐकतेस. पण फलकनं ऐकलं होतं. पुढचा आठवडाभर ती रोज पहाटे त्या गल्लीत जाऊन बसली आणि नळाखाली तांब्या ठेवून पाहत राहिली. म्हातारीचा शब्द न् शब्द खरा निघाला. बाकी सगळे दिवस तांब्यात थोडं थोडं पाणी पडलं, आणि शनिवारी तळ ओला झाला नाही. तेव्हा तिच्या सहा महिन्यांतले पंधरा दिवस उरले होते. त्या पंधरा दिवसांत या गल्लीला पाणी आणायचंच, हे तिनं तिथंच ठरवलं.

त्यासाठी तिनं पुढच्या दिवशी एक युक्ती केली. व्हॉल्व्हमधून पाणी वाहत असलं की माझ्या दांड्यातून घरघर ऐकू येते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पाळी दुसऱ्या गल्लीची होती, म्हणजे टोकाच्या गल्लीतला व्हॉल्व्ह बंद असायला हवा होता. तिनं मला त्यावर बसवलं आणि दांड्याला कान लावला. घरघर होती! तिनं भगवंतला मला उघडायच्या दिशेनं फिरवायला सांगितलं. बारा आटे फिरले आणि घरघर थांबली. तेच बारा आटे तिनं उलटे फिरवून घेतले, तर घरघर पुन्हा सुरू झाली.

फलकनं दांड्यावरचा कान काढला. मग तिनं विचारलं, "भगवंतभाऊ, सायकलच्या डाव्या पायडलचे आटे कसे असतात?"

"उलटे. काहून?"

"मंग हा बी डावा पायडल आहे."

भगवंतचा चेहरा उतरला. येत्या शनिवारी या व्हॉल्व्हला हातच लावायचा नाही, असं फलक म्हणाली. तो एरवी आठवडाभर उघडाच असतो, म्हणून दुसऱ्यांच्या पाळीचं थोडं पाणी इथं गळतं. बाकीचे तेवढे बंद केले की सगळं पाणी इकडंच येईल. भगवंत घाबरला. पाळीच्या दिवशी मी व्हॉल्व्ह उघडला नाही तर बाया मला तुडवतील म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. साहेबांनीही हात झटकले.

"पाणी आलं नाही तर जबाबदारी कोण घेईल? तू? पंधरा दिवसांनी तू इथं नसशील."

"पंधरा दिवस तं आहो नं साहेब," फलक म्हणाली, आणि जबाबदारी माझी, असा अर्ज लिहून, खाली सही करून त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं गल्लीतल्या बायांना गोळा केलं आणि शनिवारी व्हॉल्व्ह उघडणार नाही, असं तोंडावर सांगितलं. एकच गलका झाला. आता पाळीही बुडवता का, असं विचारत दोघी-तिघी उठल्याही. त्यांना पार्बताबाईंनी खाली बसवलं.

"तीन वर्सं उघडून पाह्यलं. एक डाव न उघडून पाहू."

शनिवार उजाडला. भगवंतनं गावातले बाकीचे सगळे व्हॉल्व्ह माझ्याकडून बंद करून घेतले. टोकाच्या गल्लीत फलकनं मला भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी मी काहीच केलं नाही, मित्रांनो, नुसती उभी राहिले. सहा वाजता टाकीचं पाणी सुटलं. नळातून आधी हवा आली, मग गढूळ चूळ, आणि मग बोटाएवढी धार. पार्बताबाईंनी ओंजळ धरून ते पाणी चाखलं आणि म्हणाल्या, गोड आहे. बाया भांडी घेऊन धावल्या. भगवंत ओट्यावर मटकन बसला.

"तीन वर्सं मीच बंद करून राह्यलो होतो," तो म्हणाला.

"तुमाले कोणी सांगतलंच नोतं भाऊ," फलक म्हणाली. दोन तासांनी तिनं मला त्याच्याच हातात दिलं आणि तो व्हॉल्व्ह त्याच्याकडून उलट दिशेनं बंद करून घेतला.

उरलेल्या दिवसांत तिनं गावातल्या तेराही व्हॉल्व्हच्या झाकणांवर रंगानं बाण काढले. कुठला किती आटे, कुठल्या दिशेला, हे मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावलं. मग सहा महिने संपले. तिला प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिला कुणी काय शिकवलं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मला फार राग आला. अजूनही येतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, पंचायतीत असं कुणी थोड्या महिन्यांसाठी आलं तर त्याला नुसता चहा करायला लावू नका. त्याला खरं काम द्या. आपल्याला जे येतं ते त्याला सांगा, आणि ते जे सांगतं ते लिहून घ्या. माझ्यासारख्या लोखंडाला तेल दिलं की भागतं. शिकलेल्या हातांना काम लागतं.

फलक घरी बसली नाही. देवमनची जागा तीन वर्षं रिकामी आहे, त्या जागेसाठी तिनं पंचायतीत अर्ज दिला आणि पोच घेतली. मासिक सभेत बघू, असं साहेब म्हणाले. तेव्हापासून ती दर सोमवारी येते आणि अर्जाचं काय झालं ते विचारते. काल पाचवा सोमवार होता. तिच्या मागोमाग टोकाच्या गल्लीतल्या अकरा बायाही आल्या. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा पार्बताबाई दुखरे गुडघे सावरत खाली फरशीवर बसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "होऊ द्या तुमची सभा. आमी बसून आहो."