पहाऱ्यावरची फीत

मी एक फीत बोलतेय. केसांत माळायची नव्हे, यंत्राच्या चाकावर गुंडाळायची. रंगाने तपकिरी, रुंदीला बोटाएवढी आणि लांबीला अर्ध्या मैलाहून थोडी कमी. माझ्यावर अक्षर दिसत नाही, पण यंत्राला विचाराल तर ते माझ्यावरून घडाघडा वाचून दाखवील.

माझा जन्म परदेशातला. १९७४ साली आम्ही तिघी बहिणी मुंबईला उतरलो आणि कुंभार्ली घाटाची वळणं खात जीपमधून कोयनानगरला आलो. तिथे पाणीमोजणीची एक छोटी कचेरी होती. खोऱ्यातल्या साठ गावांचा रोजचा पाऊस यंत्रात, म्हणजे संगणकात, भरायचा आणि खाली सांगलीला कृष्णेचं पाणी किती चढेल, याचा अंदाज काढायचा, हे तिचं काम. पहिलीवर अस्सल नोंदी असत आणि माझ्यावर त्यांची नक्कल. तिसरी साहेबांच्या कपाटात सीलबंद होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशीसारखी ती कधी बाहेरच येत नसे.

आम्हाला सांभाळणारा लियाकत. सांगलीच्या हळदीचे अडते मौलाभाई यांचा हा थोरला. मुंबईला यंत्राचं काम शिकून आलेला, पण नोकरी अजून कच्ची. साहेबांचं नाव लालासाहेब. नावातच साहेब, त्यामुळे बारशापासून त्यांना कुणी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

दर शनिवारी दुपारी नक्कल निघे. त्यासाठी यंत्राला हुकूम देणारी, भोकं पाडलेल्या कार्डांची एक गड्डी होती. ती भरवली की यंत्र आधी मला पुसायचं आणि मग पहिलीवरचं एकेक गाव माझ्यावर उतरवायचं. ती वीस मिनिटं मी धड जुनी नसे, धड नवी नसे. माणसाला जसं मरणाचं भय, तसं फितीला पुसलं जाण्याचं.

“साहेब, मध्येच लाईट गेली तर?” लियाकतने एकदा विचारलं.

साहेब खो खो हसले. “अहो, वीज आपल्या पायाखाली तयार होते! अख्ख्या महाराष्ट्राची जाईल, कोयनानगरची कशी जाईल?”

कॉलनीत सगळ्यांचीच अशी ठाम समजूत होती. विहिरीच्या काठावर राहणाऱ्याला घागर भरून ठेवावीशी वाटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पंच्याहत्तर सालच्या एका शनिवारी नक्कल चालू असतानाच जमीन हादरली. धक्का तसा लहानच होता, पण पहिली खुंटीवरून निसटून चाकात अडकली आणि पार चुरगळली. त्याच क्षणी लाईट गेली. माझ्यावर तेव्हा जेमतेम बावीस गावं उतरली होती. जुनं सगळं पुसलेलं, नवं अर्धवट. चौदा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

गावोगावच्या वह्या पुन्हा गोळा करून लियाकत आणि टंकलेखक लीलाबाई यांनी आठ महिने बोटं झिजवली आणि मुंबईहून आलेल्या नव्या फितीवर सगळं पुन्हा भरलं; तिलाही आम्ही पहिलीच म्हणू लागलो. साहेबांनी तर सरळ सुनावलं, “पुन्हा असं झालं तर यंत्र मुंबईला परत आणि तुम्ही सांगलीला.”

त्या दिवसापासून लियाकतचं जेवणात लक्ष लागेना. एका दुपारी तो फाटकापाशी चहा पीत उभा होता. पहाऱ्यावर होते हंबीरराव, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. दोन वाजून गेले होते. त्यांची पाळी बदलणारा सिद्धू समोरून येताना दिसत होता, तरी हंबीरराव जागचे हलेनात.

“आवं मामा, सिद्धू आला की. जावा जेवायला.”

“आला म्हंजी? रस्त्यावर हाय त्यो. हितं उबा ऱ्हाऊंदे, समदी कुलपं हलवून बगूंदे, ‘चारज घेतला’ म्हनूंदे. तवा माजी सुट्टी.”

“आन वाटंतच पडला तर?”

“तर मी हायच की रं हितं उबा!”

लियाकतने अर्धा कप तसाच कठड्यावर ठेवला आणि धावत सुटला. हंबीरराव बघतच राहिले.

चार दिवसांत त्याने कार्डांची नवी गड्डी पाडली. आता आधी मला पुसायचं नाही. नक्कल कोऱ्या फितीवर उतरवायची. मग यंत्राने ती पहिल्यापासून वाचून अस्सलाशी गाव न् गाव ताडून बघायची. सगळं जुळलं तरच शेवटी ‘पुरी’ ही खूण उमटवायची. ती उमटली की माझा पहारा सुटला; पुढच्या शनिवारी कोरी होऊन नवी नक्कल घ्यायची पाळी माझी. यंत्र मध्येच बंद पडलं, तर उठल्यावर त्याने आधी खूण शोधायची. खूण नसलेल्या फितीवर विश्वास ठेवायचा नाही.

यासाठी तिसरी हवी होती. साहेब कपाटाची किल्ली सोडेनात.

“साहेब, विजेचा खटका तुमच्या हातात देतो,” लियाकत म्हणाला. “नक्कल चालू असताना तुम्हाला वाटेल तेव्हा पाडा. एक नोंद जरी हरवली, तरी मी स्वतः राजीनामा लिहून देतो.”

साहेबांना हा खेळ भलताच आवडला. त्यांनी तिसरी बाहेर काढून दिली आणि सात वेळा खटका पाडला. कधी सुरुवातीला, कधी मध्ये, एकदा तर खूण उमटायच्या ऐन वेळी, मुद्दाम. सातही वेळा साठच्या साठ गावं माझ्यावर सुखरूप होती. साहेब तिसरीला कपाटात न ठेवता निघून गेले.

खरी परीक्षा शहात्तरच्या जुलैत झाली. वर धो धो पाऊस, खाली सांगलीहून अंदाजासाठी फोनवर फोन. शनिवारची नक्कल चालू असताना सतराव्या मिनिटाला जमीन पुन्हा हादरली. ही नवी पहिलीही चुरगळली आणि लाईट गेली. साहेब एकाच पायात चप्पल घालून धावत आले. लियाकत माझ्यापाशी हात बांधून उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

तासाभराने लाईट आली. यंत्राने तिसरी चाळली, खूण नाही. ती बाजूला ठेवली. मग मला चाळलं. मी खूण दाखवली, आणि काय सांगू, इतकी ताठ मी कधी फिरले नव्हते! छपाईचा खडखडाट सुरू झाला. हेळवाक, बामणोली, तापोळा... साठवं गाव छापून झालं तेव्हा लीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. फक्त चालू आठवडा वहीतून भरायचा राहिला. तो दिवेलागणीच्या आत भरून झाला आणि अंदाज फोनवरून सांगलीला पोचला.

साहेबांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले. लियाकतने पहिला पेढा हंबीररावांना दिला.

“मी काय केलं रं?” ते गोंधळले.

“तुमी हाललाच न्हाई, मामा,” लियाकत म्हणाला. त्याच आठवड्यात त्याची नोकरी पक्की झाली.

आता अठ्ठ्याहत्तर साल उजाडलंय. माझ्या अंगावर ओरखडे पडलेत, कडा झिजल्यात, म्हणून मला कामावरून कायमचं काढायचं ठरलंय. कालच तिसरीने माझ्याकडचं सगळं उतरवून घेतलं. लियाकत मला कोरी करायला निघालाय, पण त्याचा हात काही पुढे होत नाही. वेडा आहे! अरे, मला आता भय उरलेलं नाही. पूस मला, खुशाल पूस. फक्त त्याआधी तिसरीला एकदा वाचून बघ.